आडवा भोवरा: रग्बी लीगचा बॉल असा का वागतो

४ ऑक्टोबर २०१५, सिडनी. एनआरएलची, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या सर्वात मोठ्या रग्बी लीग स्पर्धेची फायनल, नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइज विरुद्ध ब्रिस्बेन ब्रॉन्कोज. वेळ संपता संपता काउबॉइजच्या काइल फेल्टनं अगदी कोपऱ्यात ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या गोललाइनपलीकडं बॉल जमिनीवर टेकवला, स्कोअर १६-१६, आणि आता साइडलाइनजवळून जोनाथन थर्स्टनची कन्व्हर्जन किक, म्हणजे ट्रायनंतर गोलच्या दोन पोलमधून मारायची जादा किक, आत गेली की कप. बॉल पोलवर आपटला आणि बाहेर गेला. मग गोल्डन पॉइंट, म्हणजे जो आधी पॉइंट काढेल तो जिंकला. किकऑफचा बॉल ब्रॉन्कोजच्या बेन हंटच्या हातातून निसटला, आणि थोड्याच वेळात थर्स्टनच्याच ड्रॉप गोलनं, म्हणजे हातातला बॉल जमिनीवर टेकवून उसळताच मारलेल्या गोलनं, काउबॉइजनी मॅच १७-१६ जिंकली.

हंटला त्या रात्रीबद्दल लोकांनी फार बोल लावले. मला मात्र ती मॅच आठवली की माणसांच्या आधी तो बॉल आठवतो, कारण पोलवर आपटणारी किक, हातातून निसटणारा कॅच आणि ड्रॉप गोल, तिन्ही ठिकाणी माणसाची गाठ त्या टोकदार, लांबट आकाराशीच पडलेली असते.

आधी थोडक्यात एक सांगतो, रग्बी लीग आणि रग्बी युनियन हे दोन वेगळे खेळ आहेत. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर दिसते ती युनियन. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांनी फारकत घेतली, वाद होता मॅचमुळं बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना द्यायची की नाही याचा, आणि त्यातून पुढं लीग झाली. टीममध्ये १३ जण, आणि बॉल हातात असताना सहा टॅकल, म्हणजे समोरच्यांनी सहा वेळा धरून थांबवणं, एवढी मुभा मिळते, सहाव्यात बॉल समोरच्याला द्यावा लागतो. म्हणून पाच टॅकल झाले की सहसा किक मारतातच. म्हणजे दर दोनतीन मिनिटांनी कुणीतरी हा बॉल हवेत किंवा जमिनीलगत मारणार आणि तो पुढं काय करेल यावर सगळ्यांचं लक्ष.

लीगचा मोठ्यांचा बॉल साधारण २७ सेंटिमीटर लांब, मधला घेर ६० सेंटिमीटर, वजन ३८३ ते ४४० ग्रॅम. युनियनचा २८ ते ३० सेंटिमीटर लांब आणि ४१० ते ४६० ग्रॅम. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण लीगचा बॉल टोकांकडं जास्त निमुळता असतो आणि तेवढ्यानं पंजाची पकड वेगळी बसते. लीगमध्ये हातातून हातात पास सतत चालू असतात, त्याला ते टोकदारपण बरं पडतं.

आता पास कसा जातो ते बघा. लांब पास देताना खेळाडू बॉलला मळसूत्रासारखा पीळ देतो, त्याला स्पायरल म्हणतात. भोवरा फिरतोय तोवर पडत नाही, कारण फिरणारी वस्तू आपला अक्ष सहजी सोडत नाही, आणि स्पायरल म्हणजे हवेत आडवा फेकलेला भोवराच. त्यामुळं टोक पुढं राहतं. आपणच गणित करू: टोक पुढं असेल तर हवेला दिसतं ते १९ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, क्षेत्रफळ साधारण २८६ चौरस सेंटिमीटर. बॉल आडवा झाला तर २७ बाय १९ ची लंबवर्तुळी ढाल, साधारण ४०५. नुसतं क्षेत्रफळच ४० टक्क्यांनी वाढलं, आणि शिवाय आडव्या बॉलमागं हवेची खळबळ कितीतरी जास्त होते, ती वेगळीच. पीळ नसलेला पास मध्येच दम टाकतो तो यामुळं.

पण हाच भोवरा उंच किकमध्ये फिल्डरचा जीव काढतो. उंच किकला लीगमध्ये बॉम्ब म्हणतात, १९७० च्या दशकात सिडनीत जॉन पीअर्डनं ती इतकी वापरली की त्याचं नावच बॉम्बर पडलं. स्पायरल बॉम्ब वर जाताना टोक वर करून जातो. शिखरावर वेग मंदावतो, आणि मग वाट खाली वळते पण बॉलचं टोक भोवऱ्याच्या हट्टानं वरच बघत राहतं. पासमध्ये हवेचा दाब टोकाला हळूहळू वाटेकडं वळवत नेतो, इथं शिखरावर हवेचा जोरच कमी असतो आणि वाट मात्र जवळजवळ उलटी होते. म्हणून खाली येताना बॉल अर्धवट आडवा, डुगडुगत, बाजूला सरकत येतो. खाली उभ्या फुलबॅकला, म्हणजे सगळ्यांत मागं राहणाऱ्या खेळाडूला, वाटतं आला हातात, आणि शेवटच्या दोन मीटरमध्ये तो खांद्याकडं गेलेला असतो. सिडनीच्या पेनरिथ क्लबच्या नेथन क्लिअरीचे बॉम्ब याच्या उलट जातात, तो बॉलला जवळजवळ फिरूच देत नाही, मग हवा कधी या कडेनं तर कधी त्या कडेनं सुटते आणि बॉल तरंगत लहरी वाट धरतो.

जमिनीवर तर अजून मजा. ग्रबर म्हणजे मुद्दाम जमिनीलगत ढकललेली किक, बॉल टोकावर टोक कोलांट्या खात जातो. गोल बॉलमध्ये जमिनीचा धक्का कायम मध्यातून जातो, इथं तो मध्याच्या पुढून किंवा मागून जातो, म्हणून प्रत्येक टप्प्याला फिरकी बदलते. दोनतीन टप्पे बुटाच्या उंचीचे आणि मग एकदा टोकावर नीट बसला की छातीपर्यंत उसळतो.

आता ब्रँड. आपल्याला हे समजवायला नको, एसजी, ड्यूक्स आणि कुकाबुरा यांवर आपण तासन् तास भांडतो. लीगमध्ये ते नाव म्हणजे स्टीडन, १९५८ पासूनची ऑस्ट्रेलियन कंपनी, आता क्रिकेट बॅटवाल्या ग्रे-निकल्सकडं आहे. एनआरएलमध्ये हाच बॉल, आणि तिकडं तर नुसतं ‘स्टीडन’ म्हटलं तरी लीगचा बॉल असाच अर्थ घेतात. इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये मात्र ऱ्हायनोसारख्या दुसऱ्या ब्रँडचे बॉलही वापरले गेलेत.

सगळे बॉल नियमात बसणारे, तरी वेगळे का लागतात? एक म्हणजे वरचे दाणे. जुना चामड्याचा बॉल पावसात पाणी पिऊन जड व्हायचा, साबणासारखा सटकायचा. आताचं सिंथेटिक आवरण पाणी पीत नाही, आणि त्यावरचे रबरी दाणे टायरच्या खाचांचं काम करतात, हात आणि बॉल यांच्यामधलं पाणी दाण्यांच्या मधून निघून जातं. दाणे किती उंच, किती जवळ, रबर किती मऊ, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. काउबॉइजच्या टाउन्सव्हिल गावी दमट रात्री, घाम आणि दव दोन्ही असताना, हा फरक बोटांना लगेच कळतो. दुसरं म्हणजे टोकाची वळणरेषा, लांबी आणि घेर तेच ठेवूनही टोक थोडं बोथट करता येतं आणि मग टप्पा बदलतो. ड्रॉप गोलमध्ये बॉल टोकावर टेकवून उसळताक्षणी मारायचा असतो, तिथं टोक जरा वेगळं असलं की पायाला बॉल वेगळ्याच कोनात मिळतो.

आणि हवा. समजा २५ डिग्रीच्या ड्रेसिंग रूममध्ये बॉल साडेनऊ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) इतका भरला आणि कॅनबेराच्या हिवाळी रात्री ५ डिग्रीत मैदानावर आणला. थंड झाल्यावर त्याच हवेचा दाब साधारण ७.९ उरतो, कुणी हात न लावता. मऊ बॉल बुटावर जास्त चेपतो, ऊर्जा आवरणातच जिरते, आणि लांबवरची किक थोडक्यात आखूड पडते.

किकर लोकांना हे फरक किती छळतात ते युनियनमध्ये २०११ च्या वर्ल्ड कपला दिसलं. डनेडिनमध्ये रुमानियाविरुद्ध इंग्लंडच्या स्टाफमधल्या दोघांनी कन्व्हर्जनच्या आधी बॉल बदलून दिला, ट्राय ज्या बॉलनं झाला त्याच बॉलनं किक मारायची असा नियम असताना, आणि दोघांना एका मॅचची बंदी बसली. सगळे बॉल एकाच कंपनीचे होते! मला यात बेइमानीइतकीच किकरच्या पायाची खात्री दिसते. आठवड्याला शेकडो किक मारणाऱ्या पायाला ग्रॅम आणि मिलिमीटर समजतात. काही जण व्हॉल्व्हची बाजू बघूनच बॉल टीवर, म्हणजे किकसाठीच्या छोट्या स्टँडवर, ठेवतात, कारण तिथं वजन किंचित जास्त असतं.

माझ्या मते ब्रँडचा खरा परिणाम इथंच आहे. एखादा बॉल लॅबमध्ये जास्त चांगला उडतो म्हणून टीम जिंकत नाही, पण दहा वर्षं एकाच वळणाला सरावलेले हात दुसऱ्या वळणावर बसायला वेळ घेतात, आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सामन्यांत तो वेळ कुणाकडंच नसतो.

हे बॉल शिवले जातात त्या गावांमध्ये आपलं जालंधरही आहे, तिथून रग्बीचे बॉल बाहेरदेशी जातात. चार पाकळ्या जोडताना एखादी शिवण जरा जास्त ओढली गेली तर बॉल एका बाजूला फुगतो, आणि मग भोवरा कितीही छान फिरवला तरी डुगडुगतोच.