बुटीक व्हिडिओ आवृत्त्यांचा संग्रह

बुटीक व्हिडिओ आवृत्त्यांचा संग्रह : अभिजात व कलात्मक चित्रपटांच्या, संपादकीय काळजीने काढलेल्या तबकड्या (पूर्वी लेझरडिस्क, आता डीव्हीडी, ब्लू-रे व ४के) जमवण्याचा छंद. ‘बुटीक’ म्हणजे येथे छोटी, चोखंदळ प्रकाशनसंस्था. मोठ्या स्टुडिओला चित्रपट खपवायचा असतो, हिला त्याची आवृत्ती काढायची असते. ‘आवृत्ती’ हा पुस्तकव्यवहारातला शब्द येथे नेमका बसतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी शेकडो पोथ्या शेजारी मांडून पाठ ठरवला. जुन्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह, तिच्या नकला आणि देशोदेशी विखुरलेल्या प्रिंट यांचेही असेच करावे लागते. चित्रपट तोच, मग तिसऱ्यांदा विकत का घ्यायचा, या घरच्यांच्या प्रश्नाला संग्राहक जे उत्तर देतो ते बहुधा पाठभेदाचेच असते.

या प्रकाराचा पाया अमेरिकेत ‘क्रायटेरियन कलेक्शन’ या प्रकाशनसंस्थेने घातला. १९८४ मध्ये ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’ या तिच्या पहिल्या दोन लेझरडिस्क निघाल्या. सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या, ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढ्या या डिस्कच्या एका बाजूवर, स्थिरचित्राची सोय असलेल्या प्रकारात, जेमतेम अर्धा तास मावे. म्हणजे दोन तासांचा चित्रपट पाहताना सारखे उठावे लागे. पण चित्रपट हवा तेथे थांबवून एकेक चौकट निरखता येई, आणि पडद्यामागची कागदपत्रे व छायाचित्रेही त्यातच देता येत. ‘किंग काँग’च्या जादा ध्वनिपट्टीवर रोनाल्ड हेव्हर या अभ्यासकाने चित्रपट चालू असतानाच त्याबद्दल बोलत राहण्याचा प्रयोग केला. आज ‘कॉमेंटरी’ म्हणून सर्रास आढळणाऱ्या प्रकाराची ही सुरुवात. रुंद पडद्याच्या चित्रपटाच्या कडा न छाटता, वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून तो पूर्ण दाखवण्याची शिस्तही येथेच रुळली. १९५६ मध्ये स्थापन झालेली ‘जेनस फिल्म्स’ ही वितरणसंस्था लवकरच भागीदार झाली आणि बर्गमन, कुरोसावा, फेलिनी या दिग्दर्शकांचे चित्रपट हाताशी आले.

क्रायटेरियनचे डीव्हीडीचे पर्व १९९८ मध्ये सुरू झाले. प्रत्येक खोक्याच्या कण्यावर अनुक्रमांक छापलेला असतो. हा ‘स्पाइन नंबर’ संग्राहकांचा जीव की प्राण. क्रमांक १ ‘ग्रँड इल्यूजन’ या फ्रेंच चित्रपटासाठी राखला होता, पण तो बाजारात आला १९९९ मध्ये, कितीतरी पुढच्या क्रमांकांनंतर. कारण काम चालू असताना मूळ कॅमेरा निगेटिव्ह उपलब्ध झाली. दुसऱ्या महायुद्धात हरवली असे समजली जाणारी ती निगेटिव्ह पॅरिसहून बर्लिनला, तेथून रशियन सैन्याबरोबर मॉस्कोला आणि पुढे अदलाबदलीत फ्रान्समधल्या तुलूझच्या संग्रहालयात पोहोचली होती. तेथेही ती कित्येक वर्षे ओळखलीच गेली नव्हती. पोथी सापडल्यावर छापखाना थांबवावा, तसा हा प्रकार.

पाठ जुळवण्याचे सर्वांत कष्टाचे उदाहरण मात्र आपल्याकडचे आहे. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळल्या. वितळून चिकटलेली, कडा करपलेली ती रिळे फेकून न देता अमेरिकेतल्या ऑस्कर अकादमीच्या अभिलेखागारात ठेवली गेली. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्या येथील ‘लिमाजिने रित्रोवाता’ प्रयोगशाळेने ठिसूळ फिती पुन्हा ओलावून मऊ केल्या, चिकटलेले थर सोडवले, तुटलेल्या कडा व छिद्रे हाताने सांधली. या हातकामालाच हजारेक तास लागले. जेथे निगेटिव्ह उरलीच नव्हती तेथे इतर संग्रहांतल्या दुय्यम प्रती वापरल्या. २०१५ मध्ये ही त्रयी ब्लू-रेवर आली.

प्रत एकच असावी असा मात्र नियम नाही. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘मिस्टर आर्काडिन’ची अंतिम संकलित प्रत त्याच्या हातून झालीच नाही, म्हणून क्रायटेरियनच्या २००६ च्या संचात तीन वेगवेगळी रूपे एकत्र दिली आहेत. उलट हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाय याने २०२१ च्या संचासाठी स्वतःच्याच जुन्या चित्रपटांचे रंग बदलले, एकाची तर चौकटही रुंदावली. दिग्दर्शकाचा अधिकार मान्य, पण पहिली आवृत्ती बाजारातून उठवण्याचा नव्हे, असे म्हणत अनेकांनी जुन्या डिस्क जपून ठेवल्या. प्रस्तुत लेखकाचे मतही तेच आहे. शुद्धिपत्राचे प्रसंगही येतात. २०२१ मध्येच ‘सिटिझन केन’ नव्याने निघाला, तेव्हा ब्लू-रेवर सुमारे अर्ध्या तासानंतर काळा-पांढरा उठाव फिका पडत असल्याचे ग्राहकांनीच दाखवून दिले आणि डिस्क बदलून देण्यात आल्या.

ब्रिटनमध्ये ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’, ‘ॲरो’, ‘इंडिकेटर’ आणि पूर्व व मध्य युरोपीय चित्रपटांकडे विशेष लक्ष देणारी ‘सेकंड रन’ ही नावे प्रतिष्ठित आहेत. अमेरिकेतली ‘व्हिनेगर सिंड्रोम’ भयपट व चावट चित्रपटही तितक्याच गांभीर्याने काढते. ॲसिटेट फिल्म कुजू लागली की डब्यातून सिरक्यासारखा वास येतो, त्यावरून हे नाव पडले.

हक्कांचे करार मुदतीचे असल्याने आवृत्ती अचानक बंद होते आणि किमती भडकतात. ‘सालो’ या इटालियन चित्रपटाची क्रायटेरियनने काढलेली १९९८ ची डीव्हीडी इतकी दुर्मिळ झाली, की नकली प्रती निघाल्या आणि तबकडीच्या मधल्या छिद्राभोवतीचे पांढरे कडे तपासून सौदे होऊ लागले. सीलबंद डबा न उघडता ठेवणारी एक जमातही या छंदात आहे. तिच्याबद्दल येथे अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

भारतातील संग्राहकाची खरी अडचण प्रांतविभागणीची. ब्लू-रेसाठी अमेरिका ‘ए’, युरोप ‘बी’ आणि भारत ‘सी’ विभागात मोडतो. त्यामुळे बाहेरून आणलेली डिस्क चालवायला सर्व विभागांना चालणारा प्लेअर लागतो. ४के तबकड्यांवर हे कुलूप नाही. आपल्याकडे चित्रपट घरोघरी पोहोचला तो मुख्यतः व्हीसीडीवर. एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपास चित्र मावे, म्हणून मध्यंतर कुठेही असो, दुसरी तबकडी घालायला उठणे ठरलेले. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का पूर्णवेळ चिकटलेला असे. २००७ च्या सुमारास ‘मोझर बेअर’ने अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी विकायला काढली; चित्रपट स्वस्त झाला, पण आवृत्तीची कल्पना रुजली नाही.

मूळ सामग्रीचे नुकसानही मोठे आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट (जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या फिल्मच्या) रिळांना आग लागली, त्यात ‘प्रभात’च्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह गेल्या. जे उरले त्यातून काय होऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे नर्तक उदय शंकर यांचा १९४८ चा ‘कल्पना’. संग्रहालयाने जपलेल्या प्रतींवरून त्याचा जीर्णोद्धार बोलोन्यातच झाला आणि २०२२ मध्ये तो दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट’च्या चौथ्या संचात अमेरिकेत प्रसिद्ध झाला. संग्रहालय पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर आहे, भांडारकर संस्थाही त्याच रस्त्यावर. तेथे राहणाऱ्या संग्राहकाला ‘कल्पना’ची ही तबकडी हवी असेल, तर ती अमेरिकेहून मागवून, सीमाशुल्क भरून आणि ‘ए’ विभागाचा प्लेअर जोडूनच पाहावी लागते.