कार्ड तेच, पण विमा तो नव्हे

जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे उभे असलेले काका परवा म्हणाले, “मेडिकेअरची काय घाई आहे? माझा इन्शुरन्स अजून दीड वर्ष आहे.” दीड वर्ष म्हटल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. अमेरिकेत नोकरी सुटल्यावर त्याच कंपनीचा जो विमा स्वतःच्या पैशाने साधारण दीड वर्ष, म्हणजे १८ महिने चालवता येतो, त्याचं नाव कोब्रा. पासष्टी ओलांडलेल्या माणसाने कोब्राच्या भरवशावर मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, लांबवणं ही अतिशय महागात पडणारी चूक आहे. श्रीखंडाची वाटी हातात धरून हे समजावून सांगायचा मला आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मेडिकेअर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे असं धरते. पार्ट ए हॉस्पिटलचा. तुमची किंवा जोडीदाराची ४० क्वार्टर, म्हणजे दहा वर्षांची नोकरी झाली असेल तर फुकट. पार्ट बी डॉक्टर, तपासण्या, एमआरआय वगैरेंचा, त्याला दरमहा हप्ता; २०२५ साली तो १८५ डॉलर होता. पार्ट डी औषधांचा. मेडिकेड ही वेगळी योजना, कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठी. नावं सारखी आहेत, यापलीकडे त्यांचा एकमेकींशी घोळ घालायचं कारण नाही.

मेडिकेअरमध्ये नाव घालायची पहिली मुदत सात महिन्यांची. पासष्टावा वाढदिवस ज्या महिन्यात, तो महिना, त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन. ऑगस्टचा जन्म असेल तर मे ते नोव्हेंबर. सोपं आहे. यात आपल्या पिढीसाठी एकच गंमत आहे. तुमचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर सगळं एक महिना अलीकडे सरकतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आमच्यातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून लावून टाकला. आई म्हणायची तू श्रावणातली, पण पासपोर्टवर १ जून, आणि सरकारला पासपोर्टच कळतो. तेव्हा १ जूनवाल्यांनो, तुमचं मेडिकेअर १ मेपासून सुरू होऊ शकतं आणि तुमचे सात महिने फेब्रुवारी ते ऑगस्ट. मास्तरांची कृपा.

आता ज्यांची पासष्टीनंतरही नोकरी चालू आहे त्यांच्याकडे वळू. तुमच्या किंवा जोडीदाराच्या चालू नोकरीतून विमा मिळत असेल, तर पार्ट बी लांबवता येतो आणि उशिराचा दंड बसत नाही. नोकरी सुटली की आठ महिन्यांची दुसरी मुदत मिळते. कंपनी वीसपेक्षा कमी माणसांची असेल तर मात्र पासष्टीलाच पार्ट बी घ्या, कारण तिथे बिल आधी मेडिकेअरने भरायचं असतं आणि कंपनीचा विमा नंतर येतो. मेडिकेअर घेतलंच नसेल तर कंपनीचा विमा हात वर करू शकतो. मोठ्या कंपनीत याच्या उलट.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. पाय घसरतो तो यानंतर.

ही आठ महिन्यांची मुदत मोजायची कुठून? नोकरी संपली ती तारीख आणि नोकरीमुळे मिळणारा विमा संपला ती तारीख, या दोन्हींपैकी जी आधी येईल तिच्या पुढच्या महिन्यापासून. कोब्रा संपल्यापासून नाही. कायद्याला तुमच्याकडे विमा आहे की नाही याच्याशी घेणंदेणं नाही. तो विमा कोणी सध्या नोकरी करत आहे म्हणून मिळतोय का, एवढंच तो विचारतो. कोब्रा मिळतो तो नेमका नोकरी गेल्यामुळे.

मग शिकलेसवरलेले, आयुष्यभर बॅलन्स शीट वाचलेले लोक यात का अडकतात? कारण कोब्रा घेतला की पाकिटातलं काहीही बदलत नाही. कार्ड बहुधा तेच. विमा कंपनी तीच, डॉक्टर तेच. डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायचा वाटा, भरत आणलेला असेल तर तोही तिथूनच पुढे मोजला जातो. बदलतं एकच: पूर्वी हप्त्याचा मोठा वाटा कंपनी भरायची, आता बहुतेक वेळा सगळा तुम्ही भरता, वर दोन टक्के कारभाराचे, म्हणजे १०२ टक्क्यांपर्यंत. आणि माणसाचा स्वभाव असा की एवढे पैसे मोजतोय म्हटल्यावर विमा पक्काच असणार असं त्याला वाटतं. महिन्याला शेकड्यांनी डॉलर भरणाऱ्याला “तुमच्याकडे मेडिकेअरच्या हिशेबाने विमाच नाही” असं सांगितलं की तो माझ्याकडे वेड्यासारखं बघतो.

तारखा घालून बघू. समजा, एक गृहस्थ ६७व्या वर्षी ३० नोव्हेंबर २०२२ ला निवृत्त झाले. पार्ट ए त्यांनी पासष्टीला घेतला होता, बी नाही. कोब्रा डिसेंबर २०२२ ते मे २०२४. आठ महिन्यांची मुदत डिसेंबर २०२२ ते जुलै २०२३. म्हणजे कोब्रा मजेत चालू असताना, निम्मा व्हायच्याही आधी, मुदत संपून गेली. ना पत्र, ना फोन. जून २०२४ मध्ये हे गृहस्थ पार्ट बी मागायला गेले. उत्तर मिळालं, आता जानेवारीत या. मुदत चुकलेल्यांसाठी दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च अर्ज घेतात आणि अर्जाच्या पुढच्या महिन्यापासून विमा सुरू होतो. जानेवारी २०२५ मध्ये अर्ज, १ फेब्रुवारीला विमा. जून ते जानेवारी हे आठ महिने हॉस्पिटलच्या खाटेचा विमा आहे, पण खाटेपाशी येणाऱ्या सर्जनचा नाही.

शिवाय दंड. पूर्ण बारा महिन्यांच्या प्रत्येक उशिराला दहा टक्के. इथे डिसेंबर २०२२ पासून जानेवारी २०२५ पर्यंत २६ महिने, म्हणजे दोनदा बारा, म्हणजे वीस टक्के. २०२५ च्या १८५ डॉलरवर ३७ डॉलर दरमहा. हा दंड एकदा भरून मोकळं होता येत नाही. पार्ट बी असेपर्यंत दर महिन्याला तो हप्त्याला चिकटलेला असतो, आणि मूळ हप्ता वाढला की तोही वाढतो.

यांचं नशीब एका बाबतीत चांगलं, कोब्राने त्यांची अडवणूक केली नाही. मेडिकेअर घेण्याजोगा माणूस कोब्रावर असेल, तर कोब्राचा विमा “मेडिकेअरने भरला असता तेवढा भाग सोडून उरलेलं आम्ही देऊ” असं म्हणू शकतो. मेडिकेअर नाही, म्हणजे तो मोठा भाग तुमच्या खिशातून.

आणखी एक प्रकार, आयटीतल्या कपातीनंतर हल्ली बराच दिसणारा. नोकरी चौसष्टाव्या वर्षीच गेली, कोब्रा घेतला, कोब्रावर असतानाच पासष्टी आली. या माणसाला आठ महिन्यांची दुसरी मुदत मिळतच नाही. त्याचे ते पहिले सात महिने, बस. “कोब्रा संपला की घेईन” हे वाक्य त्याने तोंडातून काढू नये.

हीच गत कंपनीने निवृत्तांना दिलेल्या विम्याची. कामावर न जाता सेव्हरन्सच्या, म्हणजे नोकरी गेल्यावर कंपनी काही काळ पैसे देते त्या काळात कंपनीने चालू ठेवलेल्या विम्यालाही चालू नोकरीचा विमा समजू नका. ओबामाकेअरच्या बाजारातून, म्हणजे सरकारी योजनेतून स्वतः विकत घेतलेला विमाही चालत नाही. पुण्यात घेतलेला मेडिक्लेम तर नाहीच. सहा महिने कोथरूडला राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मुलाच्या किंवा सुनेच्या नोकरीशी तुमच्या पार्ट बीच्या मुदतीचा संबंध नाही. स्वतःची नोकरी किंवा जोडीदाराची, तीही चालू.

कंपनीच्या एचआर विभागावर माझा राग आहे, पण अर्धाच. त्यांना विचारतो काय आपण? “माझा विमा कधीपर्यंत चालेल?” ते खरं उत्तर देतात: दीड वर्ष. तुम्ही विचारायला हवं होतं, “नोकरीवर असल्यामुळे मिळणाऱ्या विम्याचा माझा शेवटचा दिवस कोणता?” हे ईमेलने विचारा आणि उत्तरही ईमेलने घ्या. कंपनीने चुकीची माहिती दिली म्हणून मुदत हुकली, असं सिद्ध करता आलं तर २०२३ पासून वेगळी सवलत मागता येते. पण त्याला पुरावा लागतो. “त्या फोनवर म्हणाल्या होत्या” एवढ्यावर काही होत नाही.

त्यातून ते दरवर्षी ऑक्टोबरच्या आसपास येणारं पत्र. त्यात लिहिलेलं असतं की तुमचं कव्हरेज क्रेडिटेबल, म्हणजे मेडिकेअरच्या तोडीचं आहे. लोक ते पत्र जपून फाइलला लावतात आणि निर्धास्त होतात. ते पत्र फक्त औषधांचं आहे हो! पार्ट डी पुढे ढकलायला ते कामाचं, आणि कोब्रातला औषधांचा विमाही त्या कामाला चालू शकतो. त्या नियमात ६३ दिवसांचा खंड पडला की दंडाचा हिशेब सुरू होतो. पार्ट बीचा त्या पत्राशी काडीचा संबंध नाही. शब्द एकच, खाती दोन. ज्याने ते पत्र लिहिलं त्याला एकदा भेटायचंय मला.

टीव्हीवरच्या जाहिरातींनीही वाट लावली आहे. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ही धामधूम आधीच मेडिकेअरमध्ये असलेल्यांनी प्लॅन बदलण्यासाठी असते. पार्ट बीमध्ये पहिल्यांदा शिरायचं दार ते नव्हे. “ऑक्टोबरमध्ये बघू” म्हणणाऱ्यांना मी हल्ली उत्तरही देत नाही. तसंच “माझं ६७ ला आहे” म्हणणारे. १९६० साली किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे सरकारी पेन्शन पूर्ण मिळण्याचं वय ६७ आहे. मेडिकेअरचं ६५ च आहे.

मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअर भरत नाही तो वाटा भरणारा खासगी पूरक विमा, त्याबद्दल थोडं. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाला की सहा महिने तुम्हाला कुठलाही मेडिगॅप प्लॅन तब्येतीची चौकशी न होता मिळतो. न्यूयॉर्क, कनेटिकटसारखी मोजकी राज्यं सोडली तर ही संधी पुन्हा मिळेलच असं नाही. म्हणून चालू नोकरीत मोठ्या कंपनीचा चांगला विमा असताना उगाच “असू दे हाताशी” म्हणून पार्ट बी घेऊ नका. नोकरीत असतानाच ते सहा महिने संपून जातील. एचएसएमध्ये, म्हणजे औषधपाण्यासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, पैसे टाकत असाल तर पार्ट ए मागण्याच्या सहा महिने आधी ते थांबवा, कारण पासष्टीनंतर अर्ज केलात तर पार्ट ए सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेपासून लागू होतो.

कोब्रा वाईट आहे असं मात्र मी म्हणत नाही. मी ६७ पूर्ण झाल्यावर नोकरी सोडली तेव्हा आमच्या घरात तो आलाच. दोन महिने आधी मी दोन फॉर्म काढले. सीएमएस-४०बी हा माझा अर्ज. सीएमएस-एल५६४ चा खालचा भाग कंपनीने भरायचा: विमा कधी सुरू झाला, कधी संपला, आणि ही व्यक्ती आमच्याकडे कधीपासून कधीपर्यंत कामाला होती. कंपनीने तो परत पाठवायला तीन आठवडे लावले, आणि आला तेव्हा नोकरीच्या तारखांची ओळ कोरी. पुन्हा पाठवला. नोकरी चालू असतानाच अर्ज केला की पार्ट बी कुठल्या महिन्यापासून हवा ते पुढच्या तीन महिन्यांतून निवडता येतं, त्यामुळे शेवटच्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी माझं मेडिकेअर सुरू होतं.

मग कोब्राचं जाड पाकीट आलं. त्यात प्रत्येक माणसाचा हक्क वेगळा असतो, हे फारसं कोणी सांगत नाही. नवरा-बायको दोघांनी मिळूनच घ्यायला हवा असं नाही. नवरा तेव्हा साडेत्रेसष्टचा होता. कोब्रा फक्त त्याच्या नावाने घेतला, आणि दातांचा तेवढा दोघांचा, कारण मूळ मेडिकेअर दातांना हात लावत नाही. त्याचे १८ महिने नेमके पासष्टीशी येऊन टेकत होते. वाढदिवसाच्या तीन महिने आधी मी त्याच्यापुढे मेडिकेअरचा अर्ज ठेवला, तर हा चहाचा कप खाली न ठेवताच म्हणतो, “आत्ता कशाला? कोब्रा आहे ना अजून?”