कोवळं ऊन पाठीला नव्हे, डोळ्यांना हवं

‘थंडीत मन उदास झालं की उन्हात पाठ शेकायची, डी जीवनसत्त्व वाढतं, उदासी पळते’ हा सल्ला कोल्हापुरात वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धाच बरोबर. हंगामी नैराश्यात, म्हणजे दरवर्षी ठराविक ऋतूत येणाऱ्या उदासीत, काम करतो तो डोळ्यांत शिरणारा उजेड. या उदासीवर समोर बसून वापरायच्या प्रखर उपचाराच्या दिव्यातून तर त्वचेत डी जीवनसत्त्व बनवणारे अतिनील किरण गाळलेलेच असतात. म्हणून उठल्यावर तासाभरात रंकाळ्यावर अर्धा तास चाला, गॉगल न लावता. सूर्याकडे मात्र टक लावू नका. घरातली ट्यूब जेमतेम काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) देते, उपचाराचा दिवा १०,००० लक्सचा असतो.

बरं, डिसेंबरातही इथला दिवस ११ तासांचा, म्हणजे उजेड फारसा कमी होत नाही. तेव्हा सगळं थंडीवर ढकलू नका, थायरॉइडही तपासा. झोप-भूक वाढून उदासी दोन आठवडे टिकली तर मनोविकारतज्ज्ञ गाठा. पूर्वी उन्मादाचा (मॅनिया, म्हणजे अतिउत्साहाचा आजार) झटका येऊन गेला असेल तर त्यांना विचारल्याशिवाय दिवा नकोच.