इंग्लंडची गादी : रक्ताचा हक्क आणि पार्लमेंटचा कायदा

इंग्लंडच्या राजा-राण्यांची यादी नुसती वाचली तर गादी बापाकडून मुलाकडे सुखाने गेली असे वाटते. प्रत्यक्षात थोरल्या मुलाचा हक्क पक्का व्हायलाच काही शतके लागली. १०६६ मध्ये एडवर्ड द कन्फेसर निपुत्रिक वारला, तेव्हा सरदारांच्या सभेने हॅरॉल्डला निवडले. त्याच वर्षी नॉर्मंडीच्या विल्यमने लढून त्याला हरवले आणि नाताळच्या दिवशी तो मुकुट घेतला. पहिल्या हेन्रीने मुलगी मटिल्डा हिच्यासाठी सरदारांकडून शपथा घेतल्या होत्या. तरी ११३५ मध्ये तो जाताच तीन आठवड्यांत तिचा आतेभाऊ स्टीफन याने राज्याभिषेक उरकून घेतला, आणि देश यादवीत सापडला.

आठव्या हेन्रीने वारसांचा क्रम पार्लमेंटच्या कायद्यात घातला : एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ. त्याच्या मुलाने, सहाव्या एडवर्डने, १५५३ मध्ये मरताना नात्यातल्या जेन ग्रेचे नाव पुढे केले, पण त्यामागे कायदा नव्हता. जेनची द्वाही फिरली आणि नऊ दिवसांत मेरी राणी झाली.

खरी कलाटणी मात्र पुढच्या शतकातली. ब्रागांझाची कॅथरीन, जिच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांना मिळाली, तिला नवऱ्यापासून, राजा दुसऱ्या चार्ल्सपासून, मूल झाले नाही. चार्ल्सची अनौरस मुले बरीच होती, पण ती वारसाच्या हिशेबात धरली जात नाहीत. (इंग्लंडच्या गादीला दत्तकही चालत नाही.) म्हणून १६८५ मध्ये कॅथलिक भाऊ दुसरा जेम्स राजा झाला. १६८८ मध्ये त्याला मुलगा झाला, तेव्हा कॅथलिक घराणे कायम होण्याच्या धास्तीने प्रॉटेस्टंट सरदारांनी त्याचा जावई विल्यम याला बोलावले. जेम्स पळाला, पार्लमेंटने ते पलायन म्हणजेच राज्यत्याग ठरवून मुलगी मेरी आणि विल्यम यांना एकत्र गादीवर बसवले.

१७०० मध्ये मेरीची बहीण ॲन (पुढे राणी झाली) हिचे उरलेले एकमेव अपत्य अकराव्या वर्षी गेले. मग १७०१ च्या कायद्याने जर्मनीतल्या हॅनोव्हरची सोफिया (राजा पहिल्या जेम्सची नात) आणि तिचे प्रॉटेस्टंट वंशज एवढेच वारस ठरवले. ॲनच्या आधी दोन महिने सोफिया वारली, म्हणून १७१४ मध्ये तिचा मुलगा जॉर्ज राजा झाला. रक्ताने त्याच्याहून जवळचे पन्नासांवर कॅथलिक नातलग त्यासाठी बाजूला सारले गेले.

हाच कायदा आजही पाया आहे. १९३६ मध्ये आठव्या एडवर्डचा राज्यत्यागसुद्धा कायदा करूनच अमलात आला. २०१३ च्या दुरुस्तीने २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांमध्ये धाकट्या भावाला बहिणीच्या पुढे जाता येत नाही. त्यामुळे २०१८ मध्ये राजपुत्र विल्यमचा धाकटा मुलगा लुई जन्मला तरी त्याची बहीण शार्लट हिचा क्रम हलला नाही. त्या तारखेच्या आधी जन्मलेली दुसऱ्या एलिझाबेथची मुलगी, राजकन्या ॲन, मात्र धाकट्या भावांच्या मागेच राहिली. कॅथलिक व्यक्तीशी लग्न केल्याने आता हक्क जात नाही. राजा स्वतः कॅथलिक असता कामा नये, ही अट अजून तशीच आहे.