आई, मला माझ्याच गुदगुल्या का होत नाहीत?

मेथी निवडायला बसले होते. शेजारी धाकटी, वय वर्षं पाच. भिंतीला पाठ टेकलेली, उजवा पाय मांडीवर ओढून घेतलेला, आणि स्वतःच्याच तळव्यावर बोटं फिरवणं चाललेलं. चेहरा इतका गंभीर की जणू हिशेब सोडवतेय. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, मला माझ्याच गुदगुल्या का होत नाहीत? तू कर ना." माझे हात मातीने बरबटलेले. मी नुसतीच बोटं हवेत वळवळवली, तिच्या पायापासून चांगली वीतभर लांब. तेवढ्यानेच ती खिदळत आडवी झाली आणि निवडलेल्या मेथीत लोळली.

स्वतःची बोटं तळव्यावर फिरली तर काहीच नाही, आणि आईची बोटं टेकायच्या आधीच हसू. या दोन गोष्टींच्या मधे जे दडलंय, ते मला मेंदूविज्ञानातलं सगळ्यात लोभस प्रकरण वाटतं.

शाळेत आपण अनुमस्तिष्क शिकलो. डोक्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या मेंदूच्या खाली, मुठीएवढा भाग. काम काय, तर शरीराचा तोल सांभाळणं. एका मार्काचा प्रश्न, तिथेच संपला. पण हा भाग सतत आणखी एक काम करत असतो, ते म्हणजे अंदाज बांधणं. हात हलवायचा हुकूम मेंदूतून स्नायूंकडे निघतो, तेव्हा त्या हुकुमाची एक नक्कल अनुमस्तिष्काकडेही जाते. ती वाचून अनुमस्तिष्क आधीच सांगून ठेवतं, की आता अमुक क्षणी, अमुक जागी, अमुक इतका स्पर्श जाणवणार. मग प्रत्यक्ष स्पर्शाची बातमी येते. अंदाज आणि बातमी जुळली की मेंदू ती बातमी दाबून टाकतो, कारण त्यात नवीन काही नसतं. जुळली नाही, की तीच बातमी ठळक होऊन पुढे जाते.

हे खोटं वाटत असेल तर स्वयंपाकघरात चला. दुधाचं पातेलं भरलेलं आहे असं समजून उचलावं आणि ते रिकामं निघावं, की हात झटक्यात वर जातो. वजनाचा अंदाज आधीच बांधलेला होता, जोर त्याप्रमाणे लावलेला होता. दुसरा प्रयोग डोळ्याचा. एक डोळा मिटा आणि दुसऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, पापणीवरूनच, बोटाने अगदी हलकेच दाबा. समोरची भिंत हललेली दिसेल. एरवी आपण दिवसभर डोळे गरागरा फिरवतो, तेव्हा भिंत जागची हलत नाही. डोळ्याच्या स्नायूंना हुकूम दिला की त्याची नक्कल मेंदूला मिळते आणि तो चित्राचं सरकणं हिशेबात धरतो. बोटाने डोळा ढकलला तर त्या स्नायूंना हुकूमच गेलेला नसतो, म्हणून भिंत हलते. एरिक फॉन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेट या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १९५० साली ही हुकुमाच्या नकलेची कल्पना नीट मांडली.

आता गुदगुल्या. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९८ साली माणसांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि त्यांच्या डाव्या तळहातावर मऊ फोमचा तुकडा फिरवला. कधी तो तुकडा त्यांच्याच उजव्या हाताने फिरे, कधी प्रयोग करणारे फिरवत. स्पर्श तोच. पण तो स्वतःच्या हातून झाला की मेंदूतल्या स्पर्शकेंद्राची हालचाल मंदावे. पुढच्या वर्षीचा प्रयोग तर मला तोंडपाठ आहे. डाव्या हाताने एक दांडा हलवायचा, आणि त्या हालचालीप्रमाणे यंत्रमानवाचा हात उजव्या तळहातावर फोम फिरवणार. दोन्ही अगदी एकाच वेळी झालं तर गुदगुल्या कमी. मग संशोधकांनी मधे उशीर घातला: एका सेकंदाचा दहावा भाग, मग दोन दशांश, मग तीन दशांश. उशीर जितका जास्त, तितक्या गुदगुल्या जास्त. नंतर दिशा बदलली. हात पुढे-मागे हलतोय, पण फोम ३० अंश तिरका, मग ६०, मग थेट ९० अंशांत आडवा. जितका तिरपा, तितका गुदगुल्यांना जोर. हलवणारी व्यक्ती सगळा वेळ स्वतःच आहे, तिला ते पक्कं ठाऊकही आहे. तरी अंदाज चुकला एवढ्यावर तिचा स्वतःचाच हात परक्यासारखा वाटू लागतो.

अनुमस्तिष्क हे करतं कसं? त्यात पुरकिंजे नावाच्या पेशी असतात, पंख्यासारख्या पसरलेल्या, एका प्रतलात चपट्या. एकेका पेशीवर एक ते दोन लाख बारीक समांतर तंतू येऊन टेकतात. हुकुमाची नक्कल आणि शरीराच्या स्थितीची माहिती या तंतूंवरून येते. त्याशिवाय प्रत्येक पेशीला वेलीसारखा बिलगलेला एकच जाड तंतू असतो, 'आरोही तंतू'. तो मेंदूच्या देठातल्या एका छोट्या केंद्रातून येतो आणि अंदाज चुकला की मुख्यतः तो बोलतो. तो बोलला, की त्या क्षणी जे समांतर तंतू चालू होते त्यांचे जोड थोडे ढिले पडतात, म्हणजे पुढच्या वेळी त्या तंतूंचं म्हणणं कमी धरलं जातं. असं हजारो वेळा झालं की अंदाज सुधारतो. पुरकिंजे पेशी स्वतः पुढच्या पेशींना फक्त 'थांबा' एवढाच निरोप देतात. त्या शांत झाल्या की पुढचा मार्ग मोकळा होतो. दोन लाख कुजबुजींमधून एका ओरडण्याच्या जोरावर शिकणारी ही रचना मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला रात्री बराच वेळ झोप आली नव्हती.

मग बोटं टेकायच्या आधीच धाकटी का हसली? स्टॉकहोममधल्या संशोधकांना २००० साली दिसलं, की आता गुदगुल्या होणार अशी नुसती वाट पाहत असतानाही मेंदूतल्या स्पर्शाच्या भागात तशीच हालचाल सुरू होते, जशी खऱ्या गुदगुल्यांनी होते. माझ्या वळवळत्या बोटांनी तिच्या मेंदूला गुदगुल्या होणार एवढं कळवलं होतं. कधी आणि कुठे, ते मात्र माझ्याच हाती होतं.

हाच खेळ त्याहून लहान वयात बुवाकुकमध्ये असतो. पदर तोंडावर, पदर बाजूला, "बुवा कुक!" बाळाला आश्चर्य वाटतं म्हणून ते हसतं, अशी आपली समजूत. अमेरिकेत १९८९ साली झालेल्या एका प्रयोगात गंमत केली गेली: लपणारा माणूस एक आणि प्रकट होणारा दुसराच. आश्चर्य मोठं, पण सहा ते आठ महिन्यांची बाळं हसली कमी. म्हणजे बाळाला हवी असते ती आपलीच आई, आपल्या ठरलेल्या जागी, फक्त केव्हा एवढंच न सांगता. अंदाज थोडा चुकावा, पण सगळा चुकू नये.

आणि घाबरलेल्याला गुदगुल्या होत नाहीत. बर्लिनमध्ये शिम्पेई इशियामा आणि मायकेल ब्रेख्त यांनी २०१६ साली उंदरांना पोटावर गुदगुल्या केल्या. उंदीर त्यावर ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात. आपल्या कानाची हद्द २० पर्यंत, म्हणून ते ऐकू येत नाही. उंदीर आवडीने त्या हाताचा पाठलाग करायचे. पण त्याच उंदरांना उंच फळीवर, लखलखीत उजेडात ठेवलं, की चिवचिवाट बंद आणि स्पर्शकेंद्रातल्या पेशीही मंद. म्हणून "पुरे" म्हटल्यावर लेकरांना धरून ठेवून गुदगुल्या करणाऱ्या पाहुण्यांना मी स्पष्ट थांबवते. गुदगुल्यांचं हसू आपोआप फुटतं; मूल हसतंय म्हणजे त्याला मजा येतेय असं दर वेळी नसतं.

क्लॅरेन्स ल्यूबा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची हकीकत इथे सांगितलीच पाहिजे. गुदगुल्यांनी हसणं मूल घरच्यांना पाहून शिकतं की जन्मतःच येतं, हे तपासायला १९३३ च्या सुमारास त्याने स्वतःच्या तान्ह्या मुलावर प्रयोग लावला. घरात गुदगुल्या करताना कोणी हसायचं नाही. तो स्वतः तोंडासमोर पुठ्ठा धरून, चेहऱ्यावरची रेषही बाळाला दिसू न देता गुदगुल्या करायचा. बाकी सगळं ठीक चाललं होतं, पण एका दिवशी अंघोळीनंतर आई विसरली, बाळाला मांडीवर उड्या मारायला लावून लाडाने खेळवलं आणि हसली. नोंदवहीत तशी नोंद झाली. तरी निष्कर्ष टिकला: सात महिन्यांचा होईपर्यंत तो मुलगा गुदगुल्यांनी खदखदून हसू लागला, आणि नंतर झालेली त्याची बहीणही तशीच हसली. त्या माउलीला दोष देणं मला जमत नाही. अंघोळीनंतरच्या बाळासमोर कुणी न हसता राहावं कसं?

आमच्या घरच्या ग्रुपवर दर महिन्याला एक संदेश फिरतो: लहान मुलं दिवसात ३०० वेळा हसतात, मोठी माणसं १५ वेळा. तो वाचून कितीतरी आया स्वतःला कोसतात, की आपलं हसू कुठे हरवलं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी या ३०० चा माग काढला, तेव्हा त्यामागे कुठला अभ्यास हाती लागला नाही. त्यांनीच मोठ्या माणसांना हसण्याची नोंद ठेवायला लावली, ती सरासरी दिवसाला १८ च्या आसपास आली. आणि हसण्याने कॅन्सर बरा होतो, हे मात्र कुणीही पुढे पाठवू नये.

दुसरी गोष्ट सटवाईची. बाळ झोपेत हसलं की माझी आजी म्हणायची, सटवाई हसवतेय. ते हसू खरंच असतं. पहिल्या आठवड्यांत झोपेच्या चुळबुळत्या टप्प्यात चेहऱ्याचे स्नायू आपोआप हलतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तर ते आणखी जास्त दिसतं. आपल्याकडे पाहून बाळ हसतं ते साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, आणि खळखळून आवाजाने तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. सटवाईचं नाव मला गोड वाटतं. पण "फार हसू नकोस, रडावं लागेल" हे वाक्य मला घरात नको आहे. खेळून दमलेलं मूल रडतं ते दमल्यामुळे.

मेथीची भाजी झाल्यावर धाकटी परत आली. तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि माझाच हात स्वतःच्या तळव्यावर पुढे-मागे फिरवू लागली. बराच वेळ काहीच होईना. मी बोटं हळूच आडवी वळवली, तिने नेलेल्या दिशेला काटकोनात. ती किंचाळली, पाय ओढून घेतला आणि लगेच पुन्हा पुढे केला.