रचना सुचवणारं यंत्र

'यंत्र आता माणसासारखा विचार करू लागलं' अशा बातम्या हल्ली रोज येतात. त्यातून कळत काहीच नाही, उलट खरी करामत झाकली जाते. गूगलच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या 'अल्फाजिऑमेट्री'चंच बघा. ही भूमितीचे प्रश्न सोडवणारी संगणक प्रणाली. जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत तिच्यावरचा शोधनिबंध आला. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधल्या भूमितीच्या ३० प्रश्नांपैकी २५ तिने सोडवले. त्याआधीच्या सर्वांत चांगल्या पद्धतीची मजल १० पर्यंतच होती.

शाळेत आपण पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असं लिहायचो. घोडं अडायचं ते रचनेपाशी. त्रिकोण अबक मध्ये बाजू अब आणि अक समान आहेत. कोन ब आणि कोन क समान आहेत हे दाखवायचंय. बक चा मध्यबिंदू ड घेतला, अड जोडला, की बाबाबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप. पण हा ड ना पक्षात आहे ना साध्यात. तो सुचावा लागतो.

सुचणं शिकवायला उदाहरणं हवीत, आणि यंत्राला वाचता येतील अशा माणसांनी लिहिलेल्या सिद्धता फारच थोड्या. म्हणून संशोधकांनी उलटी वाट धरली. संगणकाने बिंदू, रेषा, वर्तुळं वाटेल तशी मांडायची आणि तर्काचे ठरलेले नियम लावून त्यातून निघतील तेवढे निष्कर्ष काढायचे. मग एक निष्कर्ष उचलायचा आणि तो कशाकशावर उभा आहे ते मागे मागे जात शोधायचं. या माग काढण्यात काही बिंदू असे सापडतात, की निष्कर्ष मांडायला त्यांची गरज नाही, पण सिद्धता त्यांच्यावाचून अडते. हे बिंदू पक्षातून काढून रचनेत टाकायचे. झालं उत्तरासकट नवं गणित तयार! मला या युक्तीचं विलक्षण कौतुक वाटतं. अशी सुमारे १० कोटी उदाहरणं तयार झाली, त्यातल्या जवळजवळ ९० लाखांत रचना होती.

त्यांवर शिकलेलं भाषा-प्रारूप, म्हणजे आधीचा मजकूर पाहून पुढे काय येईल याचा अंदाज बांधणारा प्रणालीचा भाग, फक्त रचना सुचवतं. पुढची प्रत्येक पायरी नियमांनी चालणारा तर्कयंत्राचा भाग काढतो. तो अडला की पुन्हा नवी रचना मागितली जाते. सूचना फसली तर वेळ जातो, चुकीची सिद्धता मात्र बाहेर पडत नाही. गप्पा मारणाऱ्या चॅटबॉटांना ही हमी नाही.

आणि हे सगळं ठरावीक चौकटीतल्या भूमितीपुरतंच. भौमितिक असमानतांचे प्रश्न त्या ३० मध्ये घेतलेलेच नव्हते.