विसरायच्या जरा आधी

माझा भाचा घरी बसूनच एमपीएससीची तयारी करतो. क्लास नाही, अभ्यासिका नाही. व्हिडिओ, पीडीएफ आणि हल्ली चॅटबॉट. परवा म्हणाला, "मामा, प्रकरण टाकलं की सारांश मिळतो, अडलं की समजावून सांगतो. आता पाठ कशाला करायचं?" मी विचारलं, "अकरावं मूलभूत कर्तव्य कितव्या घटनादुरुस्तीने आलं?" तो गप्प झाला. तो सारांश त्याने आठवड्यापूर्वीच वाचला होता.

वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि ते आपल्याला येतं असं मन धरून चालतं. शाळेत बाई मध्येच उभं करून विचारत, तेव्हा हा भ्रम फुटायचा. एकट्याने शिकणाऱ्याला असं विचारणारं कोणी नसतं. म्हणून संगणकाने उत्तर देण्यापेक्षा नेमक्या दिवशी प्रश्न विचारणं मला जास्त मोलाचं वाटतं. तो दिवस ठरतो कसा, हीच या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली निष्कर्ष छापले. विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. शंभर वर्षांनी, १९८७ मध्ये, प्योत्र वोझ्नियाक या पोलिश विद्यार्थ्याने उजळणीचं वेळापत्रक संगणकाकडे सोपवलं. त्याचा नियम वहीत मांडता येईल इतका सोपा आहे. पहिली उजळणी १ दिवसाने, दुसरी त्यानंतर ६ दिवसांनी, पुढे दरवेळी आधीचं अंतर २.५ने गुणायचं: १५, ३८, ९५, २३८ दिवस. सहा उजळण्यांत वर्ष उलटून जातं! उत्तर अडखळत आलं तर गुणक कमी होतो, चुकलं तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. २००६ मध्ये आलेल्या 'अंकी' या मोफत ॲपने हाच नियम थोडे फेरफार करून घरोघरी नेला.

पण २.५ हा आकडा सगळ्यांना सारखा का? इथे मशीन लर्निंग, म्हणजे नोंदींवरून संगणकाने स्वतःच शिकणं, आलं. २०२३पासून अंकीत 'एफएसआरएस' नावाची पद्धत आहे. ॲपमध्ये प्रश्न कार्डांवर असतात, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. ही पद्धत प्रत्येक कार्डासाठी तीन गोष्टी मोजते: कार्ड किती अवघड आहे, आठवण किती टिकाऊ आहे आणि या क्षणी ते आठवण्याची शक्यता किती. टिकाऊपणा म्हणजे ही शक्यता १०० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर यायला लागणारे दिवस. तिच्या एका आवृत्तीतलं सूत्र असं: उलटलेल्या दिवसांना टिकाऊपणाने भागा, १९/८१ने गुणा, १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि १ला त्याने भागा. टिकाऊपणा १० दिवसांचा असेल, तर दहाव्या दिवशी बरोबर ९० टक्के येतात, तिसाव्या दिवशी ७७, शंभराव्या दिवशी ५५. तुमच्या शेकडो उजळण्यांची नोंद वाचून ही पद्धत तिच्यातले आकडे तुमच्या स्मरणाप्रमाणे बदलून घेते.

आता खरी गंमत. ताजं असताना आठवलं, तर टिकाऊपणा जेमतेम वाढतो. निसटत चाललेलं ओढून आणलं, तर तो कितीतरी पटींनी वाढतो. आठवताना होणारी ओढाताण हेच स्मरणाचं खतपाणी आहे. उत्तर समोर आयतं आलं की ती ओढाताणच होत नाही.

याचा पुरावा तुर्कस्तानात मिळाला. तिथल्या सुमारे १००० शाळकरी मुलांवर गणिताचा प्रयोग झाला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. चॅटबॉट हाताशी असताना मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुलं चॅटबॉट कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त इशारे देणारा, शिक्षकांच्या मदतीने घडवलेला चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांचं हे नुकसान बहुतांशी टळलं.

म्हणून 'एआयने दहापट वेगाने शिका' या जाहिराती मला 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या पंगतीतल्या वाटतात. त्या वर्गांत डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात म्हणे! नाकाजवळच्या फटीतून दिसतं, ती फट बुजवली की वाचन थांबतं. पालकांचे हजारो रुपये मात्र गेलेले असतात.

चॅटबॉट टाकून द्या असं मी भाच्याला सांगितलं नाही. न कळलेली संकल्पना त्याला दहा वेळा विचारता येते आणि तो कंटाळत नाही. पण कार्डं स्वतः लिहायची, एका कार्डावर एकच प्रश्न, आणि चॅटबॉटने दिलेलं कलम किंवा साल पुस्तकात ताडून पाहायचं, एवढं ठरलं. कारण तो चुकीचं सालही तितक्याच ठामपणे सांगतो.

काल घटनादुरुस्तीचं ते कार्ड सहा दिवसांनी परत आलं. भाच्याने डोळे मिटले, कपाळाला आठी घातली, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "शहाऐंशीवी. २००२." ॲपने पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची दिली.